‘पुन्हा येऊ’ म्हणाला होतात

दात्यांनो,

हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला आलात त्या तुम्हाला, वडिलांच्या वर्षश्राद्धाची पंगत आमच्याकडे दिलीत त्या तुम्हाला, कंपनीचे टी-शर्ट घालून एका शनिवारी भिंती रंगवून गेलात त्या तुम्हाला. आणि कोरोनाच्या दिवसांत रात्री फोन करून ‘आम्हाला काहीतरी करू द्या’ म्हणत रडलात त्या तुम्हालाही. निघताना फाटकापाशी थांबून तुम्ही मुलांना ‘पुन्हा येऊ हं’ म्हणालात. मग आला नाहीत.

मी मराठवाड्यातल्या एका बालगृहात काम करते. मुलं मला ताई म्हणतात. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, आणि मुलांची तर लिहिताच येत नाहीत. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार आमच्या मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. हे मी तुम्हाला दर वेळी सांगितलं, आणि फोटो काढू दिले नाहीत म्हणून दर वेळी तुमचा चेहरा उतरला. असो. कोण आलं होतं, काय बोललं होतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

तुम्ही म्हणाला होतात, ‘आजपासून ही मुलं आमचीच.’

तुम्ही म्हणाला होतात, ‘दर महिन्याच्या पाच तारखेला किराणा दारात येईल, तुम्ही फक्त यादी पाठवा.’

तुम्ही म्हणाला होतात, ‘हिचं नर्सिंग पूर्ण होईपर्यंत फी आमची.’ हे म्हणताना तुमचा हात तिच्या डोक्यावर होता.

हा शेवटचा शब्द तुम्ही मला ऑफिसात बसून दिला असता तर बरं झालं असतं. मी तो मनात ठेवला असता, पहिली रक्कम आल्यावरच तिला सांगितलं असतं. या कामात वर्षं गेली की तेवढं शहाणपण येतं. पण तुम्ही तो तिलाच दिलात, सगळ्यांसमोर. मग मी काय करायचं होतं? तुमच्या देखत तिला सांगायचं होतं का, की बाळा, यांच्यावर विसंबू नकोस?

मोठ्या माणसांत ‘पुन्हा येऊ’ ही निघताना बोलायची रीत असते, एवढं मला कळतं. सात वर्षांच्या पोराला ते कसं कळावं? त्याच्या आयुष्यात आधीही कोणीतरी ‘आलेच मी’ म्हणून गेलेलं आहे. बसस्टँडच्या बाकावर बसवून, सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ठेवून, नाहीतर मामाच्या ओट्यावर कपड्यांच्या पिशवीसकट उभं करून. त्या माणसाची वाट बघणं त्याने कसंबसं सोडून दिलं होतं. तुम्ही त्याला पुन्हा वाट बघायला लावलीत.

रविवारी आमच्याकडे गाडीचा आवाज आला की लहान मुलं फाटकाकडे धावतात. मोठी धावत नाहीत. ती मोठी का धावत नाहीत, याचा विचार तुम्ही कधी केलात का? बारा-तेरा वर्षांचा मुलगा पाहुण्यांकडे बघत नाही, नाव विचारलं तर खाली मान घालतो, आणि तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणता, ‘जरा उद्धट वाटतो हो.’ तो उद्धट नाही. त्याने तुमच्यासारखे पुष्कळ पाहिलेत.

वाढदिवसांबद्दल मला आज बोलायचंच आहे. आजवर कधी बोलले नाही, कारण संस्थेला परवडत नाही.

आमच्याकडच्या कित्येक मुलांना आपण कधी जन्मलो हे माहीत नाही. वय ठरवताना शाळेचा दाखला बघतात, नाहीतर पालिकेचा, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी होते आणि डॉक्टर अंदाज सांगतात. मग कागदावर एक तारीख पडते. पुष्कळदा ती १ जून असते. शाळेत नाव घालताना सोयीची म्हणून महाराष्ट्रात कितीतरी पोरांना मिळालेली तारीख. अशा मुलांना ओळीत बसवून तुम्ही तुमच्या मुलासाठी गाणं म्हणायला लावलंत. त्यांनी म्हटलं. टाळ्या वाजवल्या. केकचा तुकडा घेऊन ‘थँक्यू काका’ म्हटलं, कारण आम्हीच त्यांना तसं शिकवलंय.

त्या दिवशी तुम्हाला तुमच्या मुलाला काय शिकवायचं होतं? आपल्याकडे काय काय आहे ते? मग त्यासाठी दुसऱ्याकडे काय नाही हे त्याला समोर बसवून दाखवायलाच हवं होतं का? आणि त्या वेळी आमच्या मुलांना काय शिकायला मिळालं?

मी कधी सुचवलं की यांच्यातल्याच एकाचा वाढदिवस धरू या, तुमचा मुलगा पाहुणा म्हणून येऊ दे, तर तुमच्यापैकी दोघातिघांनी मान्य केलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. बाकीच्यांनी दुसरी संस्था शोधली.

पंगतीचंही तेच. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, बालदिन, दिवाळी. या दिवशी तुमचे इतके फोन येतात की एकाच दिवशी तीन जेवणं ठरतात. दुपारी गुलाबजाम, चारला समोसे, रात्री पुन्हा बासुंदी-पुरी. मुलांची पोटं बिघडतात. आमच्या मावश्या रात्रभर चादरी धुतात. मी म्हणते, आजची तारीख भरली आहे, फेब्रुवारीतली एखादी घ्या, जूनमधली घ्या. जूनमध्ये वह्या, दप्तरं, गणवेश, बूट सगळं एकदम येतं. तुम्ही म्हणता, ‘नाही हो, आमचा मुहूर्त आजचाच आहे.’ मुलांना भूक मुहूर्त बघून लागत नाही, हे तुम्हाला मी सांगावं का? उन्हाळ्यात शाळा बंद, शाळेतलं दुपारचं जेवण बंद, सगळी मुलं दिवसभर घरात, पाण्याचा टँकर विकत. त्या दिवसांत तुमच्यातलं कोण आलं होतं?

आणि मग तो प्रश्न. आवारातच, मुलं ऐकत असताना विचारलेला. ‘यातले खरे अनाथ किती?’

मला हा प्रश्न फार लागतो. तुमचा हेतू वाईट नसतो, दान सत्पात्री पडावं एवढंच तुम्हाला हवं असतं, तेही मी जाणते. पण ज्या मुलाची आई जिवंत आहे आणि साखर कारखान्याच्या फडावर कोयता चालवते आहे, ते मूल तुमच्या हिशेबात खोटं ठरतं का? दिवाळी झाली की बीडकडून, परभणी-जालन्याकडून ट्रक भरून कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मागे म्हातारी असली तर पोर गावात राहतं, नसली तर फडावर जातं आणि शाळा सुटते. ज्याच्या बापाने कर्जापायी गळफास घेतला आणि आईचं दुसरं लग्न लावून दिलं गेलं, ते मूल काय? जिचं चौदाव्या वर्षी लग्न लागत असताना पोलिसांनी मांडवातून आणली, तिचे तर आईबाप दोघेही धडधाकट आहेत. तिला परत पाठवू?

कायदा ‘खरा अनाथ’ असं काही विचारत नाही. २०१५ च्या कायद्यात ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ असं म्हटलं आहे. ती गरज आहे की नाही हे बाल कल्याण समिती ठरवते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांच्या आदेशाशिवाय आम्ही एकही मूल ठेवून घेऊ शकत नाही. त्याच कायद्याने हेही सांगितलंय की मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा मार्ग. जमेल तिथे त्याला घरी पोचवायचं. आम्हालाही तेच हवं असतं. एखादं पोर आजीकडे परत गेलं तर त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात गोड होतं.

पण मग त्या घरी गेलेल्या पोराला तुम्ही विसरता. शासनाच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलाला पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, मग ११०० झाले, आता २२५० आहेत. आजीच्या औषधांसकट घर चालवायला ते पुरत नाहीत. मी तुम्हाला म्हटलं, या पोरीच्या आजीला महिन्याला हजार रुपये देता का, म्हणजे ती शाळा सोडणार नाही आणि आमच्याकडे परत येणार नाही. तुम्ही काय म्हणालात आठवतं? ‘नको, आम्हाला आश्रमालाच द्यायचंय.’ का? आजीच्या पत्र्याच्या घरात पाटी लावता येत नाही म्हणून? दारिद्र्यापायी घर सुटलेलं मूल त्याच घरी सुखाने नांदत असेल, तर ते तुमच्या दयेतून वजा होतं का?

२०२१ आठवा.

त्या मे महिन्यात आमचा फोन थांबत नव्हता. दोन वर्षांची मुलगी, दोन महिन्यांचा मुलगा, आईवडील कोरोनाने गेले, दत्तक घ्यायला कोणी आहे का, असे संदेश तुम्ही एकमेकांना पाठवत होतात आणि आम्हालाही. बाळं अशी फोनवरून देता-घेता येत नाहीत, हे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं झालं असं समितीने जाहीर करावं लागतं, टाकून दिलेल्या मुलाच्या पालकांचा शोध घ्यावा लागतो, लहान बाळासाठी दोन महिने, मोठ्यासाठी चार. ‘तुम्ही कागदं नाचवताय, इकडे मूल रडतंय,’ असं तुमच्यातल्याच एकाने मला सुनावलं होतं. त्यांचा मला राग आला नाही. तेव्हा सगळेच कासावीस होते.

सरकारांनी घोषणा केल्या. केंद्राने २३ व्या वर्षी १० लाख मिळतील असं जाहीर केलं, राज्याने दोन्ही पालक गमावलेल्या मुलाच्या नावावर ५ लाखांची ठेव ठेवायचं ठरवलं. तुम्हीही घोषणा केल्या. ‘शिक्षण आम्ही बघतो.’ ‘मोठा भाऊ म्हणून कायम पाठीशी राहू.’ ‘दर रविवारी व्हिडिओ कॉल करू.’ ठेवी बँकेत आहेत. मोठे भाऊ कुठे आहेत?

ठेवीच्या पावतीशी पोरगं बोलू शकत नाही. गणिताचा पेपर अवघड गेला हे तिला सांगता येत नाही. तुमच्या रविवारच्या कॉलसाठी आमच्या एका मुलाने केस विंचरून बसायची सवय लावून घेतली होती. पहिले काही रविवार तुम्ही बोललात. नंतर ‘आज जरा बाहेर आहोत.’ नंतर तेही नाही. त्याची ती सवय मोडायला आम्हाला बराच वेळ लागला.

४ जानेवारी २०२२ ला माई गेल्या. सिंधुताई सपकाळ. त्या रात्री तुमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या स्टेटसवर माईंचा फोटो होता, नऊवारीतला, कपाळावर ठसठशीत कुंकू. पद्मश्री त्यांना आदल्याच वर्षी मिळाली होती. पण पद्मश्रीच्या आधी आणि नंतरही त्या गावोगाव भाषणं करत हिंडत होत्या आणि भाषण संपलं की पदर पसरत होत्या, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. सत्तरी गाठलेल्या बाईला मुलांच्या ताटासाठी व्यासपीठावर पदर का पसरावा लागला? तेव्हा तुम्ही रडलात, नोटा टाकल्यात, पाया पडलात. त्यांच्या पदरात दर महिन्याला न मागता काही पडलं असतं, तर त्या वयात त्यांना थोडं घरात बसता आलं नसतं का?

आपल्या लोकांना हे कळत नाही असं कसं म्हणू? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा पोरांची वसतिगृहं कशावर चालली? घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा व्हायचं. मुष्टिफंड म्हणत त्याला. दळायला बसणारी बाई आधी एक मूठ बाजूला काढायची. ती मूठ अडचणीच्या दिवसांतही निघायची, आणि ती घेऊन कोणी तिच्याबरोबर फोटो काढला नाही. लक्ष्मीबाई पाटलांनी बोर्डिंगातल्या पोरांसाठी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, आपल्या घराच्या जिवावर. ही तुमचीच माणसं. त्यांच्या जयंत्या तुम्ही करता. त्यांची ती मूठ कुठे हरवली?

‘सरकार देतंच की तुम्हाला,’ हे वाक्य मी तुमच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर पाठ झालंय. सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये संस्थेतल्या मुलामागे महिन्याला ३००० रुपये धरले आहेत. दिवसाला १०० रुपये. त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, दूध, कपडे, साबण, तेल, औषध, सहल, सगळं. तेही ज्यांना अनुदान मंजूर आहे त्यांना. नोंदणी सगळ्यांना सक्तीची आहे, अनुदान सगळ्यांना नाही, आणि आम्ही त्या दुसऱ्या रांगेत आहोत. तुम्ही तुमच्या मुलाच्या एका वाढदिवसाला जो हॉल घेता त्याचं भाडं किती असतं, ते मी विचारत नाही. तुम्हीच मनाशी आठवा.

तुम्हाला वस्तू द्यायला आवडतात. वॉटर प्युरिफायर, टीव्ही, पंखे, तुमच्या कंपनीचं नाव असलेली बाकं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे आहेत, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत अनाथांसाठी घरं आणि वसतिगृहं असा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे तुम्ही आलात. आम्ही तुम्हाला सांगितलं की आम्हाला तीन मावश्यांचा पगार हवाय. तुम्ही म्हणालात, ‘पगारात आम्हाला काही दाखवता येत नाही.’

काही दाखवता येत नाही? रात्री तीन वाजता तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवते ती मावशी. अंथरूण ओलं केलेल्या दहा वर्षांच्या मुलाला बाकीच्यांच्या आधी उठवून, कोणाला कळू न देता, कपडे बदलते ती मावशी. शाळेत ‘आईचं नाव’ या रकान्यापाशी अडकलेल्या मुलीला जवळ घेते ती मावशी. वर्षभर कमी पगारावर राबून ती शेवटी मोंढ्यातल्या दुकानात कामाला जाते, कारण तिचीही पोरं आहेत. ती गेली की तिच्या खोलीतली मुलं आठ-आठ दिवस नीट जेवत नाहीत. त्यांच्या आयुष्यातून आणखी एक बाई गेलेली असते. तुमचा प्युरिफायर भिंतीवर आहे. मावशी नाही.

आणि गेली एक-दोन वर्षं मी बघते आहे, मार्चमधली तुमची देणगी कमी झालीय. एकाने खरं सांगितलं, त्यांचे आभार. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळत नाही, म्हणून पावती नको, आणि पावती नको म्हणून देणगीही नको. इतकी वर्षं तुम्ही मुलांच्या डोक्यावरून हात फिरवत होतात, तो हात त्या पावतीसाठी होता असं मी मानायला तयार नव्हते. अजूनही मला तसं मानायचं नाही. तुम्ही मला चुकीचं ठरवा ना.

तुम्ही म्हणाल, विश्वास कसा ठेवायचा, पेपरात काय काय येतं. येतं, खरं आहे. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर जे झालं ते २०१८ मध्ये देशाने वाचलं. महाराष्ट्रातही कागदावर मुलं दाखवून पैसे उचलणाऱ्या संस्था निघाल्या. त्यांच्यामुळे आमच्याकडे बोट दाखवलं जातं तेव्हा आम्ही मान खाली घालतो, कारण त्या बातम्या वाचून झोप आम्हालाही आली नाही. पण मुझफ्फरपूरचं प्रकरण बाहेर कसं पडलं? टाटा समाजविज्ञान संस्थेची माणसं पाहणीला गेली, मुलींपाशी बसली, त्यांना विचारलं, त्यांचं ऐकून घेतलं. बाहेरचं माणूस आत आलं म्हणून ते कळलं. तुम्ही मात्र बातमी वाचून यायचं थांबवलंत. संशय आला तर जास्त यायला हवं होतं ना? महिन्यातून एकदा या, न सांगता या, स्वयंपाकघर बघा, संडास बघा, हिशेबाची वही मागा, मुलांशी आमच्या माघारी बोला. आम्ही दार लावून घेतलं तर जरूर तक्रार करा. तुमचं येणं हीच मुलांची राखण आहे. तुम्ही सगळे एकदम पाठ फिरवता तेव्हा चांगल्या संस्थेचं तेल-मीठ संपतं, आणि वाईट संस्थेला मोकळं रान मिळतं.

आता त्या मुलीबद्दल. तिचं नर्सिंग तुम्ही पूर्ण करणार होतात.

तिला १८ पूर्ण झाली. कायद्याने आता ती बालगृहात राहू शकत नाही. अनुरक्षण म्हणून २१ पर्यंत आधार देण्याची तरतूद आहे, पण त्या जागा थोड्या आणि मुलं पुष्कळ. तुमच्या घरातली १८ वर्षांची मुलगी गावाला एकटी गेली तर तुम्ही दर तासाला फोन करता. आमची मुलगी १८ व्या वर्षी एक पत्र्याची पेटी आणि आधार कार्ड घेऊन बाहेर पडते. खोली भाड्याने मागायला गेली तर पहिला प्रश्न येतो, ‘वडील काय करतात?’ दुसरा येतो, ‘जामीन कोण राहणार?’

अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर दिव्यांग अनाथ मुलं सांभाळतात, आपलं नाव लावतात त्यांना. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांनंतर या मुलांनी जायचं कुठं, हा एकच प्रश्न ते वर्षानुवर्षं सगळ्यांना विचारत आलेत. तुम्ही पद्मश्रीबद्दल त्यांचं अभिनंदन केलंत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं?

राज्याने २०१८ मध्ये अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षण दिलं. मोठी गोष्ट होती ती, आमच्याकडे त्या दिवशी पेढे वाटले होते. पण त्या एक टक्क्यापर्यंत पोचायला आधी शिकावं लागतं, शिकायला कुठेतरी राहावं लागतं, आणि मेसचे पैसे दर महिन्याला भरावे लागतात. तुम्ही लहान, गोबऱ्या गालांच्या मुलांसाठी येता. सतरा-अठरा वर्षांची, मिसरूड फुटलेली, आवाज बदललेली पोरं तुम्हाला नको असतात. त्यांना खरी गरज तेव्हाच असते, हे मी किती प्रकारे सांगू?

तर ती मुलगी. पहिल्या वर्षाची फी तुम्ही भरलीत. ती पास झाली, चांगल्या गुणांनी. दुसऱ्या वर्षी मी तुम्हाला मेसेज केला, तुम्ही वाचलात, दोन निळ्या खुणा दिसल्या. फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. तुमच्यावर काही संकट आलं असेल तर मी समजू शकते, माणसांचे दिवस फिरतात. पण तसं तुम्ही सांगितलं नाहीत. कॉलेजने तिला दोनदा आठवण केली. आम्ही गावातून थोडेथोडे गोळा केले आणि अर्धी फी भरली. बाकीची ३१ तारखेच्या आत भरायची आहे. ती मला म्हणाली, ‘ताई, माझं काही चुकलं का? मी त्यांना दिवाळीचं कार्ड पाठवायला विसरले होते.’

काय सांगू मी तिला? आई सोडून गेली तेव्हाही तिने हेच विचारलं होतं, माझं काही चुकलं का.

तुमच्याकडे मोठी रक्कम मागत नाही. महिन्याला जमेल ते द्या, पाचशे द्या, दोनशे द्या, पण दर महिन्याला द्या आणि किती वर्षं देणार ते आधी ठरवून द्या. एका मावशीचा पगार पाच जणांनी मिळून उचला. एका पोराच्या खोलीला जामीन राहा. पैसे नसतील तर शनिवारी दोन तास दहावीची गणितं सोडवून घ्यायला या आणि शाळा संपेपर्यंत येत राहा. यातलं काही जमत नसेल तर येऊ नका, मी वाईट मानणार नाही. फक्त जे झेपणार नाही ते मुलांसमोर बोलू नका.

आणि ज्यांनी तिला शब्द दिला होता, त्यांना एवढंच. फी भरणार असाल तर भरा, तिचा प्रवेश टिकेल. भरणार नसाल तर तसं तिला सांगा, मला नको, तिला. तुमची अडचण सांगा, तिचं काही चुकलं नाही हे तुमच्या तोंडून तिला कळू द्या. तिची ड्युटी दुपारी दोनला संपते, त्यानंतर फोन तिच्याजवळ असतो.

तुमची,
मुलांची ताई